ठाण्याचा एकाकी साक्षीदार : फ्रायर जॉर्डानस

ठाणे, वसई आणि साष्टी परिसरातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास पोर्तुगीजांपासून सुरू होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदीच निराधार नाही. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, त्यांच्यामागोमाग मिशनरी आले, चर्चे उभी राहिली आणि १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी हा प्रदेश जिंकून घेतल्यावरही त्यांतील अनेक टिकून राहिली. मासुंदा तलावाजवळून रोज स्टेशनाकडे जाणाऱ्या ठाणेकराला दिसणारी सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चची परंपराही त्याच काळातील. तथापि, वास्को द गामा कालिकतला उतरण्याच्या पावणेदोनशेहून अधिक वर्षे आधी, १३२१ मध्ये, एक फ्रेंच धर्मोपदेशक ठाण्याच्या बंदरावर उतरला होता. येथे त्याने चार सहकारी गमावले, त्यांचे मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि त्यानंतर जवळजवळ अडीच वर्षे तो या मुलखात एकटा राहिला. त्याचे नाव जॉर्डानस कॅटलानी. मध्ययुगीन प्रवासवर्णनांच्या अभ्यासकांना हे नाव सुपरिचित आहे. ज्या शहरात त्याच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काळ गेला, त्या ठाण्यात मात्र ते क्वचितच उच्चारले जाते.

जॉर्डानस हा दक्षिण फ्रान्समधील सेव्हेराक या गावचा. तुलूझच्या ईशान्येला असलेला हा डोंगराळ प्रदेश. त्याचा जन्म कोणत्या वर्षी झाला याची नोंद नाही. तरुणपणी तो डॉमिनिकन पंथात दाखल झाला. तेराव्या शतकाच्या आरंभी युरोपात दोन भिक्षू पंथ उदयाला आले होते, एक डॉमिनिकन आणि दुसरा फ्रान्सिस्कन. मठाच्या भिंतीआड राहून साधना करण्याऐवजी गावोगाव हिंडावे, भिक्षेवर निर्वाह करावा आणि उपदेश करावा, ही दोन्हींची रीत. या पंथीयांना ‘फ्रायर’ म्हणजे धर्मबंधू म्हणत. मंगोल साम्राज्यामुळे आशियातील मार्ग मोकळे झाले, तेव्हा हेच धर्मबंधू इराण, मध्य आशिया आणि चीनपर्यंत पोहोचले. १३१८ मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी इराणमधील सुलतानिया येथे आर्चबिशपचे पीठ स्थापन करून ते डॉमिनिकनांकडे सोपवले. जॉर्डानस याच इराणी मोहिमेतील होता. तब्रीझमध्ये त्याच्या पंथाचे ठाणे होते. इराणमध्येच तो फारसी भाषा शिकला. पुढे ठाण्यात हीच भाषा त्याच्या कामी आली आणि एका अर्थी तिनेच त्याचा जीव वाचवला.

इराणच्या आखातातील होर्मुझ बंदरातून तो निघाला तेव्हा त्याच्यासोबत चार फ्रान्सिस्कन होते. तोलेंतिनोचा थॉमस हा त्यांतील सर्वांत ज्येष्ठ, साठी उलटलेला इटालियन. चीनमध्ये धर्मकार्य करणाऱ्या जॉन ऑफ माँतेकोर्व्हिनो याची पत्रे त्यानेच १३०७ मध्ये पोपच्या दरबारी पोहोचवली होती. दुसरा पादुआचा जेम्स आणि तिसरा सिएनाचा पीटर. चौथा डिमिट्रियस हा तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियातील तिबिलिसीचा. तो अनेक भाषा जाणणारा होता. त्यांना जायचे होते केरळातील कोल्लमला आणि तेथून चीनला. गलबताचा सौदाही तसाच ठरला होता. पण गलबताने त्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध ठाण्याला आणून सोडले. त्या काळी होर्मुझहून ठाणे हा सुमारे २८ दिवसांचा प्रवास होता.

त्या वेळचे ठाणे म्हणजे खाडीकाठचे नामांकित बंदर. शिलाहारांच्या काळात ‘श्रीस्थानक’ म्हणून ते राजधानीचे शहर होते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते देवगिरीच्या यादवांकडे गेले. मार्को पोलोने ठाण्याचा उल्लेख स्वतंत्र राज्य म्हणून केला आहे आणि तेथील चामड्याच्या व घोड्यांच्या व्यापाराबरोबर चाचेगिरीचीही नोंद केली आहे. पुढे देवगिरी दिल्लीच्या सुलतानांच्या ताब्यात गेली आणि १३२१ मध्ये ठाण्याचा कारभार एक मलिक आणि एक काझी पाहत होते. दिल्लीच्या तख्तावर घियासुद्दीन तुघलक नुकताच बसला होता. म्हणजे हे पाच परदेशी आले ते सत्तांतराच्या धामधुमीत. नवी सत्ता अजून रुजायची होती आणि तिचे अधिकारी साहजिकच संशयी होते.

विशेष म्हणजे ठाण्यात या पाचजणांना आसरा दिला तो ख्रिस्ती कुटुंबांनीच. ओडोरिक या प्रवाशाच्या वृत्तान्तानुसार ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्त्यांची १५ घरे होती. ही मंडळी रोमच्या पोपला मानणारी नव्हती. इराण आणि इराकमधून पूर्वेकडे पसरलेल्या ‘चर्च ऑफ द ईस्ट’ या प्राचीन शाखेची ती अनुयायी. या शाखेची उपासनेची भाषा सिरियाक. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तिचीच ही बहीण. ही कुटुंबे येथे केव्हा आली? या प्रश्नाचा माग काढताना नजर ठाण्याहून वीस-बावीस किलोमीटरवरच्या कल्याणकडे वळते.

पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत कल्याण बंदराचा उल्लेख आहे. पूर्वी तेथे खुला व्यापार चाले. पुढे सत्तासंघर्षामुळे तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो ग्रंथ सांगतो. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दानशूर रहिवाशांची नावे कोरलेली आहेत. आणि सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती समाज असल्याचे व तेथील बिशप इराणमधून दीक्षा घेऊन येत असल्याचे नोंदवले. कॉस्मसचे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, हे मत अनेकांनी मांडले आहे. काही विद्वान ते दक्षिणेकडील किनाऱ्यावर शोधतात. वाद मिटलेला नाही. पण कापड, तांबे आणि शिसवी लाकूड यांच्या ज्या व्यापाराचे वर्णन कॉस्मस करतो, तो उल्हास खाडीच्या काठी वसलेल्या बंदराला शोभणारा आहे. कॉस्मसनंतर सुमारे पावणेआठशे वर्षांनी ठाण्यात सापडलेली ती १५ घरे याच जुन्या परंपरेचा शेवटचा अवशेष असावीत, असा तर्क करायला जागा आहे.

या यजमानांनी जॉर्डानसला एक विनंती केली. सोपारा आणि भडोच येथे स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे काही लोक आहेत. पण त्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्यांना धर्माचे ज्ञान नाही. जॉर्डानसला फारसी येत असल्याने त्याने तेथे जावे. पुढे आपल्या ग्रंथात त्याने या विखुरलेल्या लोकांविषयी लिहिले आहे, आणि त्यांतील एक तपशील चटका लावणारा आहे. हे लोक संत थॉमसलाच ख्रिस्त समजत होते. पिढ्यानपिढ्या धर्मगुरू नाही, ग्रंथ नाही, दीक्षा नाही. उरले होते ते एक नाव, आणि तेही दुसऱ्या नावात मिसळून गेलेले. एखादा समाज आपला वारसा कसा हळूहळू विसरत जातो, याची इतकी नेमकी नोंद मध्ययुगीन कोकणासंबंधी दुसरी सापडणे कठीण.

जॉर्डानस सोपाऱ्याला गेला आणि ठाण्यात अनर्थ घडला. फ्रान्सिस्कन ज्या घरात उतरले होते तेथे नवरा-बायकोत भांडण झाले. नवऱ्याने मारले म्हणून बायको काझीकडे गेली. साक्षीदार कोण, असे विचारताच तिने घरी उतरलेल्या परदेशी धर्मगुरूंचे नाव घेतले. एका घरगुती तंट्याची फिर्याद अशा रीतीने धर्मचर्चेत बदलली. थॉमस, जेम्स आणि डिमिट्रियस यांना बोलावण्यात आले. पीटर सामानाची राखण करीत मागे थांबला. वादात इस्लामच्या प्रेषितांविषयी त्यांचे मत विचारले गेले. थॉमसने प्रथम उत्तर टाळले, पुन्हा पुन्हा विचारल्यावर मात्र आडपडदा न ठेवता सांगितले. जमाव खवळला. त्यांना उन्हात उभे करण्यात आले, आगीची परीक्षा झाली. त्या आगीतून जेम्स सुखरूप बाहेर आला, असे वृत्तान्त सांगतात. संतचरित्रांत चमत्कारांना तोटा नसतो आणि ही हकिगत फक्त एकाच पक्षाच्या लेखणीतून आली आहे, हे लक्षात ठेवून ती वाचावी लागते. मात्र त्याच वृत्तान्तात हेही आहे की मलिकने त्यांना गुपचूप शहराबाहेर, पाण्यापलीकडे पोहोचवले होते. पुढे काझीच्या आग्रहाने त्याचे मन फिरले आणि रात्री हत्यारबंद माणसे पाठवण्यात आली. झावळ्यांच्या रविवारापूर्वीच्या गुरुवारी, म्हणजे ९ एप्रिल १३२१ रोजी, तिघे मारले गेले. पीटरला त्यानंतर दोन दिवसांनी ठार करण्यात आले. दिल्लीच्या सुलतानाने या कृत्याबद्दल पुढे मलिकलाच देहदंड दिला, असे ओडोरिक सांगतो.

जॉर्डानसला ही बातमी सोपाऱ्यात कळली. इराणकडे परत जाणारी गलबते किनाऱ्यावर होती. कोणीही निघून गेले असते. तो ठाण्याला परतला. एका जिनोव्हाच्या तरुणाच्या मदतीने त्याने चौघांचे देह सोपाऱ्याला नेले आणि तेथील संत थॉमसच्या चर्चमध्ये पुरले. या एका वाक्यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. चौदाव्या शतकाच्या आरंभी ठाण्याच्या बाजारात इटलीतील जिनोव्हा शहराचा तरुण वावरत होता, ही एक. आणि सोपाऱ्यात तेव्हा चर्च होते, ही दुसरी.

सोपाऱ्याचे नाव बायबलच्या अभ्यासकांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. राजा सॉलोमनची जहाजे ज्या ओफिर नगरीतून सोने आणीत, ती म्हणजे सोपारा, असे मत काही जुन्या विद्वानांनी मांडले. बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हे नाव ‘सोफिर’ असे येते, हा त्यांचा मुख्य आधार. अरबस्तान आणि आफ्रिकेचा दावाही तितकाच हिरिरीने मांडला जातो आणि केवळ नावाच्या साम्यावर असा निर्णय करता येत नाही, हेच खरे. सोपाऱ्याला या उसन्या वैभवाची गरजही नाही. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बुरुड राजाच्या कोटातील स्तूप उकरला, तेव्हा एकात एक ठेवलेल्या पेट्यांतून बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे बाहेर आले. ते आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी तेथे मिळाला. २०१४ पासून सोपारा पालघर जिल्ह्यात मोडते. बुद्धावशेषांचा स्तूप तेथे आजही दाखवता येतो. संत थॉमसच्या चर्चची जागा मात्र कोणाला दाखवता येत नाही. गोव्यात आगशी येथे पहलवी अक्षरे कोरलेला क्रूस २००१ मध्ये उजेडात आला. ठाणे आणि सोपाऱ्याच्या त्या समाजाची साक्ष मात्र मुख्यतः कागदावर आहे. आणि त्या कागदांतील सर्वांत मोलाचे कागद जॉर्डानसने लिहिलेले आहेत.

त्याची दोन पत्रे उपलब्ध आहेत. पहिले १२ ऑक्टोबर १३२१ चे, सौराष्ट्रातील घोघा बंदरातून तब्रीझ आणि इराणमधील इतर ठिकाणच्या धर्मबंधूंना लिहिलेले. सहकाऱ्यांच्या मृत्यूची हकिगत, मग लगेच कामाचा हिशोब : भडोचला सुमारे ९० जणांचा बाप्तिस्मा, नंतर आणखी २० हून अधिक, ठाणे आणि सोपारा यांच्या दरम्यान ३५. आणखी माणसे पाठवा, सोपारा, भडोच आणि कोल्लम ही तीन ठिकाणे कामाला योग्य आहेत, अशी मागणी. सहा महिन्यांपूर्वी चार सहकारी गमावलेल्या माणसाचे हे पत्र आहे, हे आकडे वाचताना विसरायला होते.

दुसरे पत्र जानेवारी १३२४ मध्ये ठाण्याहून लिहिलेले. त्याचा सूर निराळा आहे. मधल्या काळात त्याला चाच्यांनी पकडले होते, तुरुंगवास घडला होता, शिव्याशाप आणि आरोप सोसावे लागले होते. अंगावरचा पंथाचा वेशही गेला आणि बराच काळ तो नुसत्या सदऱ्यावर वावरत होता. डोके, छाती, पोट, हातपाय, सर्वत्र दुखणी. तहान, भूक, ऊन. मागितलेली मदत आलेली नव्हती. तरीही मागणी तीच : माणसे पाठवा. ठाण्याहून निघालेल्या आणि आज उपलब्ध असलेल्या जुन्या खासगी पत्रांमध्ये या पत्राचे स्थान फार वरचे आहे.

याच सुमारास ओडोरिक ऑफ पोर्देनोने हा फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्यात येऊन गेला. आपल्या पंथबंधूंच्या अस्थी त्याने सोपाऱ्याहून उकरून घेतल्या आणि समुद्रमार्गे चीनमधील झैतून, म्हणजे आजच्या चुआनझौ, येथील फ्रान्सिस्कन मठापर्यंत नेल्या. १३३० मध्ये पादुआ येथे त्याने आपला वृत्तान्त सांगितला आणि तो लिहून घेतला गेला. तो युरोपभर वाचला गेला आणि ठाण्याच्या चार हुतात्म्यांची कथा घरोघर पोहोचली. थॉमसला १८९४ मध्ये रोमने ‘धन्यवादित’ म्हणून मान्यता दिली. ठाण्यातील उंदीर कुत्र्यांएवढे मोठे असतात आणि मांजरांचे त्यांच्यापुढे काही चालत नाही, हेही ओडोरिकनेच लिहून ठेवले आहे. घूस पाहिलेल्या ठाणेकराला यात फारशी अतिशयोक्ती वाटणार नाही.

ओडोरिकचा ग्रंथ गाजला, जॉर्डानसचा मागे पडला. युरोपात परतल्यावर १३२९ च्या सुमारास त्याने लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले, ‘मिराबिलिया डिस्क्रिप्टा’, म्हणजे अद्भुतांचे वर्णन. नाव अद्भुताचे असले तरी आत निरीक्षण पुष्कळ आहे. फणसाचे, वडाच्या पारंब्यांचे वर्णन आहे. पाऊस ठरावीक महिन्यांतच पडतो आणि बाकीचे वर्ष कोरडे जाते, याचे नवल आहे. नारळाला तो ‘नारगिल’ म्हणतो, ताडाच्या रसाला ‘तारी’. एका गोड फळाचे नाव हस्तलिखितात ‘अनिबा’ असे पडले आहे. मूळ शब्द ‘आंबा’ असावा आणि नकलनविसाने तो चुकीचा वाचला असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. अग्नीची पूजा करणारे आणि मृतदेह छप्पर नसलेल्या बुरुजात पक्ष्यांसाठी ठेवणारे लोकही त्याने पाहिले. पारशी समाजाविषयीच्या युरोपीय लेखनातील ही अगदी आरंभीची नोंद.

या पुस्तकातील एक नोंद आजच्या वाचकाने थांबून वाचावी अशी आहे. येथील मूर्तिपूजकांमध्ये आपला धर्म सांगायला कोणतीही भीती नाही आणि त्यांच्यापैकी कोणाला बाप्तिस्मा घ्यायचा झाल्यास कोणी अडवत नाही, असे तो लिहितो. मूर्तिपूजेविषयी त्याला मुळीच आदर नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे या साक्षीचे वजन कळते. या भागात आपण सुमारे ३०० जणांना धर्मात आणले, असाही त्याचा दावा आहे. दुसरीकडे, या समुद्रात पोपने एक-दोन लढाऊ गलबते ठेवली तर इजिप्तच्या सुलतानाला केवढा फटका बसेल, याचेही गणित तो मांडतो. धर्मोपदेशकाच्या झग्याआड दडलेला हा राजकारणी फारसा लोभस नाही. पुढे पोर्तुगीजांनी जे केले, त्याचे बीज या विचारात दिसते, असे म्हटल्यास चूक ठरू नये.

९ ऑगस्ट १३२९ रोजी आव्हिन्यो येथून पोप बाविसावे जॉन यांनी कोल्लमचे धर्मप्रांत पीठ स्थापन केले आणि जॉर्डानसला त्याचा बिशप नेमले. भारतातील हा पहिला रोमन कॅथलिक धर्मप्रांत. पुढच्या वर्षी, १३३० मध्ये, सुलतानियाच्या नव्या आर्चबिशपसाठी पोपने दिलेले पदचिन्ह पोहोचवण्याचे कामही त्याच्याकडे आले. ठाण्यात सदऱ्यावर फिरणारा माणूस आता पोपची पत्रे घेऊन पूर्वेकडे निघाला. येथे त्याच्याविषयीच्या समकालीन नोंदी थांबतात. मुंबईच्या परिसरात तो दगडांच्या माराने मरण पावला, ही परंपरा नंतरच्या काळात रूढ झाली. तिला त्या काळच्या कागदाचा आधार नाही. १३४८ च्या सुमारास पोपचा दूत मारिन्योली कोल्लममध्ये वर्षभराहून अधिक काळ राहिला. तेथील लॅटिन पंथाच्या सेंट जॉर्ज चर्चचा तो उल्लेख करतो, जॉर्डानसचा मात्र नाही.

त्याचे पुस्तक पाचशे वर्षे अडगळीत राहिले. १८३९ मध्ये पॅरिसच्या भौगोलिक संस्थेने ते छापले आणि १८६३ मध्ये हेन्री यूल या स्कॉटिश विद्वानाने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. पुढे १८६६ मध्ये त्याची पत्रेही यूलनेच इंग्रजीत आणली. कोल्लमचा धर्मप्रांत मधल्या शतकांत लुप्त झाला होता. तो १८८६ मध्ये पुन्हा स्थापन झाला आणि आजही आहे. ठाण्यातील त्या १५ घरांचा मागमूस ओडोरिकनंतर कोणाच्या लेखनात लागत नाही. दोनशे वर्षांनी पोर्तुगीज आले, तेव्हा त्यांना येथे सर्व काही नव्याने उभारावे लागले.